गुरुजींची दोन सरकारं

धनसिंग राजपूत या माणसाने मला चोवीस वर्षं छळलं, म्हणून त्याच्याविषयी लिहायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. मी एरंडोल तालुक्यातल्या शिक्षक संघटनेचा चिटणीस, आणि तो करंजखेड्याच्या एकशिक्षकी शाळेचा गुरुजी. करंजखेडं धरणगावपासून तीन कोसांवर, कपाशीच्या काळ्या रानात. पावसाळ्यात तिथे जायचं तर सायकल खांद्यावर घ्यावी लागे, आणि पोचल्यावर धनसिंग म्हणे, "नाना, सायकलीला फिरवून आणलंत वाटतं."

शाळा एका खोलीची होती आणि गावचं पोस्टही त्याच खोलीत. त्या काळी खेड्यापाड्यांत ही सर्रास चाल होती. गावात लिहितावाचता, भरवशाचा माणूस एकच, तो म्हणजे मास्तर; मग पोस्टखातं त्यालाच ब्रँच पोस्टमास्तर करून मोकळं होई. म्हणजे धनसिंग सकाळी आठ ते साडेदहा दिल्लीच्या सरकारचा नोकर आणि अकरा ते पाच मुंबईच्या सरकारचा. मध्ये जिल्हा परिषद येते हे मला ठाऊक आहे, पण गावाला तेवढा बारकावा परवडत नव्हता. शाळा मुंबईची, पोस्ट दिल्लीचं, संपलं.

अशी दोन कामं करणारे गुरुजी तालुक्यात आणखीही होते. त्यांनी कधी त्याचा गाजावाजा केला नाही. धनसिंगने मात्र खोलीच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली. खिडकीकडची बाजू दिल्ली. तिथे टेबल, तराजू, शिक्के आणि भिंतीला टपालपेटी. फळ्याकडची बाजू मुंबई. मुंबईत असताना त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी असे आणि दिल्लीत तो बोडका बसे. एवढ्यावरही भागलं नाही. मुख्याध्यापक धनसिंग पोस्टमास्तर धनसिंगला पत्रं लिही. "आपल्या कार्यालयातील डिंक आमच्या बाकावर सांडल्यामुळे इयत्ता दुसरीचा एक विद्यार्थी बाकास चिकटला. खुलासा व्हावा." त्यावर पोस्टमास्तरांचं उत्तर जाई, "सदर विद्यार्थी विनापरवाना केंद्र सरकारच्या हद्दीत आला होता. डिंक आपल्या जागीच होता." दोन्ही बाजूंच्या फायली त्याने नीट दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. तपासणीला येणारे साहेब त्या वाचून इतके हसत की शेरा मारायचं विसरून जात. माझा पक्का संशय आहे की फायली त्याचसाठी होत्या.

बेबाबाई म्हणून गावात एक म्हातारी होती. तिचा मुलगा पलटणीत होता, म्हणून तिचं पोस्टात रोज काम असे, पत्र आलेलं असो नसो. तिने एकदा आमच्या अहिराणी बोलीत गुरुजींना विचारलं, "गुरुजी, दिल्लीनं सरकार मोठं शे का मुंबईनं?"

धनसिंग म्हणाला, "दिल्लीनं मोठं शे, आक्का. पन खोली मुंबईनी शे."

मला वाटतं या विषयावर मोठमोठ्या पुस्तकांत याहून जास्त काही लिहिलेलं नसावं.

सत्त्याहत्तर साल उजाडलं. दिल्लीतलं सरकार बदललं, मुंबईतलं जुनंच राहिलं, आणि महागाई दोन्हीकडे सारखी वाढली. डिसेंबरात राज्यातल्या सरकारी नोकरांनी आणि आम्ही शिक्षकांनी बेमुदत संपावर जायचं ठरवलं. मागणी एका वाक्याची होती: केंद्राप्रमाणे महागाई भत्ता. मी एरंडोलला सभा घेतली, घसा बसेपर्यंत बोललो आणि संपकाळात शाळेत शिकवणार नाही अशी शपथ घ्यायला सगळ्यांना उभं केलं. तेवढ्यात मागून धनसिंगचा हात वर आला.

"नाना, एक शंका आहे. मी पंधरा वर्षं दिल्लीचा नोकर आहे. दिल्ली मला महिन्याला सत्तर रुपये देते आणि महागाई भत्ता देते शून्य. आता मुंबईने मला दिल्लीप्रमाणे द्यावं म्हणून मी संपावर जायचं. बरं, जातो. पण मुंबईने खरंच ऐकलं तर?"

सभा अशी हसली की शपथेचं गांभीर्य पार धुळीला मिळालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "धनसिंग, तू फुटणार असशील तर आत्ताच सांग."

तेव्हा मात्र त्याचा चेहरा एकदम उतरला. म्हणाला, "थट्टा करतो म्हणून शब्द मोडतो असं नाही, नाना." आणि शपथपत्रावर पहिली सही त्याने केली.

चौदा डिसेंबरला संप सुरू झाला. मी कुलपांची पिशवी घेऊन गावोगाव फिरत होतो. करंजखेड्यात शाळेला कुलूप लावायला गेलो तर धनसिंग दारात उभा, बोडका.

"खुशाल लावा," तो म्हणाला, "पण आत टपाल आहे. टपाल अडवलं तर दिल्लीचा गुन्हा. मी साक्षीदार, मीच फिर्यादी."

शेवटी कुलूप लागलं ते शाळेच्या कपाटाला. हजेरीपट, खडू, नकाशे सगळं त्यात बंद. फळा आम्ही दोघांनी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. टोपी त्याने मुंबईच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "ही पण संपावर."

इथपर्यंत सगळा खेळ होता. त्यानंतर हाशम आला.

हाशम पिंजारी करंजखेड्यात गाद्या भरायचा. त्याला तीन मुली. थोरल्या दोघींना त्याची बहीण अमिनाबी भुसावळला घेऊन गेली होती, आठ दिवस विड्या वळायला हाताशी म्हणून. ते आठ दिवस कधी संपले नाहीत. एकीचं तिकडेच लग्न झालं, दुसरी विड्याच वळत राहिली, आणि दोघींची पाटी करंजखेड्याच्या शाळेत तशीच पडून राहिली. तिसरी शहनाज चौथीत होती. तिच्या हिशेबाला धनसिंग स्वतः घाबरायचा. त्याने फळ्यावर चूक केली की ती हात वर न करता नुसती खोकायची. त्या वर्षी तिला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवायचं त्याने ठरवलं होतं.

हाशम पोस्टाच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, शाळा बंद शे. पोर घर बशीसन काय करी? शुक्रवारले आपा येई ऱ्हायनी. तिनासंगे धाडी देस."

धनसिंग पेचात पडला. शिकवतो म्हणावं तर शपथ मोडते आणि शिकवत नाही म्हणावं तर मुलगी भुसावळला जाते. त्याने नंतर मला सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर सुचायला एवढा वेळ लागला की हाशमने तेवढ्यात दोन विड्या ओढल्या.

"शाळा बंद शे," तो शेवटी म्हणाला, "पन पोस्ट सुरू शे ना, हाशमभाऊ. तिले पोस्टमा धाड."

"पोस्टमा काय करी ती?"

"गिऱ्हाईक शे ती. गिऱ्हाईकले मी परत कसा धाडू? दिल्लीना नियम शे."

हाशमला तो नियम पुरता पटला नाही, पण दिल्लीचं नाव ऐकून तो कबूल झाला. अमिनाबी आली आणि मुलगी पोस्टात जाते हे ऐकून रागावून परत गेली. जाताना बजावून गेली की महिन्याभराने पुन्हा येईन, आणि त्या वेळी पोस्टही बंद असलं तर पोरीला घेऊनच जाईन.

दुसऱ्या दिवसापासून शहनाज रोज सकाळी आठला पोस्टात. चार दिवसांत तिच्यामागे आणखी दहा गिऱ्हाइकं आली. धनसिंगने शपथेतला एक शब्द मोडला नाही. खडूला हात लावला नाही, फळा सुलटा केला नाही, रेघ ओलांडली नाही. अकरा मुलं दिल्लीच्या अर्ध्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि कोणाचा पाय चुन्यावर गेला तर शहनाज चिमटा काढी. गणित पार्सलाच्या वजनाचं, दरपत्रक भिंतीवर होतंच. भूगोल पाकिटांवरच्या शिक्क्यांचा: हे पत्र निघालं कुठून, कोणत्या गाडीने आलं, वाटेत कोणती नदी लागली. आणि मराठी म्हणजे पत्रलेखन. बेबाबाईच्या मुलाला एका महिन्यात अकरा हस्ताक्षरांत अकरा पत्रं गेली. त्याचं घाबरून उत्तर आलं की आईला नेमकं झालंय तरी काय.

जानेवारीत माझ्या कानावर आलं की करंजखेड्यात शाळा चालू आहे. मी सायकल काढली. वाटेतच भाषण तयार केलं. दार ढकललं तर आतून आवाज, "धरणगावहून अमृतसरला सव्वादोन किलोचं पार्सल..."

"धनसिंग!" मी ओरडलो. "शरम वाटत नाही?"

"शाळा बंद आहे, नाना. टोपी बघा खुंटीला."

मी तावातावाने पुढे झालो. एक बारकी मुलगी उठून माझ्यासमोर उभी राहिली. तीच शहनाज, हे मला मागून कळलं. म्हणाली, "नाना, तुम्हना पाय मुंबईमा शेतस. काम दिल्लीमा व्हई तर रांगमा या."

मी चिटणीस माणूस, तीस गावांचे शिक्षक मला वचकून असतात, आणि मी मुकाट्याने एक पाऊल मागे घेतलं. आजही आठवलं की कान गरम होतात.

मी पुढे काही बोलणार तोच बाहेर जीप थांबली. तालुक्याचे एक साहेब उतरले. नाव लिहीत नाही, पुढे ते चांगले निवृत्त झाले. शाळा सुरू असल्याचे आकडे त्यांना वर पाठवायचे होते आणि गेल्या तीन गावांत त्यांना नुसती कुलपं मिळाली होती. अकरा मुलं बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी उभ्याउभ्याच कागद काढला.

"गुरुजी, शाब्बास! इथे सही करा. संपात नाही, शाळा चालू. पगार पूर्ण मिळेल आणि वरती तुमचं नावही कळवतो."

सही झाली की उद्याच्या आकड्यांत करंजखेडं फुटलेलं, आणि मग बाकीचे फुटायला कितीसा वेळ?

"साहेब, शाळा बंद आहे," धनसिंग म्हणाला. "ही पोस्टाची गिऱ्हाइकं."

साहेबांनी शहनाजकडे बोट केलं. "काय गं, गुरुजी काय शिकवतात?"

ती म्हणाली, "गुरुजी तर संपवर शेतस, साहेब. ह्या पोस्टमास्तर शेतस. ह्यासले शिकाडता येस नही."

"मग तू इथे काय करतेस?"

"कार्ड लिखस."

साहेबांनी तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागले. "महाराष्ट्र सरकार, मुंबई, यांस सप्रेम नमस्कार. आमच्या गुरुजींना केंद्राप्रमाणे भत्ता द्यावा म्हणजे आमची शाळा सुरू होईल. पोस्टमास्तर बरे आहेत, पण त्यांना फार थोडी जागा आहे." साहेबांचा आवाज वाक्यागणिक बारीक होत गेला. ते कार्ड घडी घालून खिशात टाकणार, एवढ्यात धनसिंगने ते अलगद काढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर धाडकन शिक्का मारला.

"आता हे दिल्लीच्या ताब्यात गेलं, साहेब. तुमच्या सरकारचं पत्र आहे, तुमच्या सरकारलाच मिळेल. वाटेत कोणाला ठेवता यायचं नाही."

मला हसू आवरेना. भाषण विसरून मी अक्षरशः टपालपेटीवर डोकं टेकून हसलो. साहेब मात्र हसले नाहीत. जीपमध्ये बसताना म्हणाले, "दिल्लीचं ऑफिस शिकवणीला वापरता काय? मग मी दिल्लीलाच कळवतो."

आणि त्यांनी कळवलं. पंधरा दिवसांनी मला धनसिंगचं कार्ड आलं: "उद्या सकाळी माझी दिल्लीकडून चौकशी आहे. येताना तंबाखू आणावी." मी तंबाखू घेतली आणि संघटनेची ठरावाची वहीपण घेतली. कारण उघड होतं. पोस्टाच्या इन्स्पेक्टरसमोर त्याने शिकवलं म्हणून कबुली दिली, तर ती संप फोडल्याचीही कबुलीच होती, आणि त्याच्याविरुद्धचा ठराव मला लिहावा लागणार होता.

इन्स्पेक्टर सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी तिकिटं मोजली, वजनं तपासली, फायली वाचून पोटभर हसले, चहा घेतला. मग तक्रारीचा कागद पुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, यात काही दम नाही हे मलाही दिसतंय. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. कार्यालयाच्या वेळेत कोणत्याही मुलाला शिकवलं नाही. पोस्ट तुमच्याकडेच राहील, मी कागद दप्तरी टाकतो."

खोली भरलेली होती. बेबाबाई होती, अकरा गिऱ्हाइकं होती, दारात हाशम होता. त्याच्या मागे बुरख्यातली एक ठेंगणी बाई गाठोडं घेऊन उभी होती. ती अमिनाबी. महिना संपला होता आणि ती शब्दाप्रमाणे आली होती. पोस्ट राहिलं तर मुलगी राहील, पोस्ट गेलं तर तिच्यासोबत भुसावळला. ते त्या गाठोड्यावरूनच कळत होतं.

म्हणजे लिहून द्यायला काहीच हरकत नव्हती. एक ओळ. तसं तर धनसिंग महिनाभर सगळ्या जगाला तेच सांगत होता. मला सांगितलं, साहेबांना सांगितलं. त्याने टाक उचलला, दौतीत बुडवला. लिहिलं, "मी कोणत्याही" आणि थांबला. शहनाज त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती, बाकी काही नाही. टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला.

"साहेब," धनसिंग म्हणाला, "तोंडाने मी काय वाटेल ते बोललो. पण या पोरीला मी शिकवलं नाही, असं सहीनिशी लिहायला माझा हात वळत नाही." आणि त्याने नवा कागद घेऊन लिहिलं, "इयत्ता चौथीची शहनाज हाशम व इतर दहा मुलांना मी रोज अडीच तास शिकविले. धनसिंग राजपूत." खाली ना मुख्याध्यापक लिहिलं, ना पोस्टमास्तर.

इन्स्पेक्टरांना खरंच वाईट वाटलं. पण कबुली लेखी होती. त्यांनी शिक्के, तराजू, तिकिटांची पेटी ताब्यात घेतली. पोस्ट त्या दिवशी बंद झालं आणि पुढच्या आठवड्यात गावातल्या सुरेशचंद शेटच्या दुकानात गेलं. खोली पूर्ण मुंबईची झाली, म्हणजे पूर्ण बंद झाली. मी ठरावाची वही पिशवीतून काढलीच नाही. मला धनसिंगचा राग यायला हवा होता, पण तो येईना.

अमिनाबी पुढे झाली. "चल शहनाज," ती म्हणाली. "अब तो पोस्ट भी गया."

मुलगी उठली. तिने पाटी बगलेत धरली आणि रेघेवर पाय पडू न देता दाराकडे निघाली. ते मला बघवेना.

हाशम दारातून हलला नाही. सबंध महिनाभर त्याला ती दिल्ली आणि मुंबई कळली नव्हती. पण कागदावर पोरीचं नाव लिहून या माणसाने पंधरा वर्षांचं काम सोडलं, तेवढं त्याला कळलं होतं. तो बहिणीला म्हणाला, "आपा, तुम्ही जावा. पोर आठेच ऱ्हाई." मग धनसिंगकडे वळला. "गुरुजी, मना ओटावर ना दिल्लीनं सरकार शे, ना मुंबईनं. उद्यापाईन तठे बसा."

धनसिंगने माझ्याकडे बघितलं. शपथेचे शब्द आम्हा दोघांनाही पाठ होते: शाळेत शिकवणार नाही. मी म्हटलं, "ओट्याचं त्यात काही नाही."

संप फेब्रुवारीच्या पाच तारखेला मिटला. तोवरचे तेरा दिवस हाशमच्या ओट्यावर, उडणाऱ्या कापसात, अकरा मुलं शिकली. धनसिंगला पार्सलांशिवाय गणित सुचत असे, पण भूगोल त्याचा शिक्क्यांवाचून अगदीच कच्चा निघाला. तेव्हा रोज सकाळी एरंडोलहून सायकल मारत एक माणूस येई, गाद्यांच्या ढिगाला टेकून बसे आणि नद्या शिकवून दुपारच्या आत संपाच्या प्रचाराला परत जाई. शहनाजला स्कॉलरशिप मिळाली नाही, तीन गुणांनी हुकली. पण जूनमध्ये ती धरणगावच्या मोठ्या शाळेत पाचवीत बसली, आणि भुसावळला फक्त ईदला गेली. स्कॉलरशिपला तिचे नद्यांचे गुण मात्र सगळे पूर्ण होते. तालुक्यात त्या वेळी कुजबुज होती की ते तेरा दिवस संप कोणीतरी मोठा माणूस फोडतोय, आणि चिटणीस म्हणून त्याची चौकशी माझ्याकडेच आली होती. मी ती नीट केली, आणि कोणी सापडलं नाही असा अहवाल सहीनिशी लिहून दिला. माझा हात जराही अडला नाही.